वाचकांचे प्रश्न : जर्मन कलावंत आणि अल्झायमर

मागील अंकात या सदरात जर्मन चित्रपटांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना अभिनेते कार्लहाइंझ ब्योम यांचा उल्लेख ‘अल्झायमर होऊन निधन पावलेले कलावंत’ असा आला होता. त्या एका वाक्यावर पुण्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांची संख्या या शहरात मोठी आहे, आणि घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या कुटुंबांची संख्याही आता लहान राहिलेली नाही. त्यामुळे काही पत्रांत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : कार्लहाइंझ ब्योम, हाराल्ड युंके आणि हायडी काबेल हे तिघेही अल्झायमरने गेले, असे माझ्या वाचनात आले. हे खरे आहे काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : तिघांना एका ओळीत बसवता येणार नाही, आणि बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्योम यांच्या बाबतीत ते विधान बरोबर आहे. १६ मार्च १९२८ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे त्यांचा जन्म झाला. वडील कार्ल ब्योम हे विख्यात ऑस्ट्रियन वाद्यवृंद-संचालक होते. १९५५ ते १९५७ या काळात आलेल्या ‘सिसी’ चित्रपटमालिकेत रोमी श्नायडर सम्राज्ञी झाल्या आणि ब्योम तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ. या भूमिकेने त्यांना घराघरांत पोहोचवले, तसेच एका साच्यातही अडकवले. १९६० साली त्यांनी एका ब्रिटिश चित्रपटात कॅमेरा हाताळणाऱ्या खुन्याची भूमिका केली, तेव्हा समीक्षकांनी तो चित्रपट झोडपून काढला. आज तोच चित्रपट अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. पुढे सत्तरच्या दशकात दिग्दर्शक फासबिंडर यांनी त्यांना अगदी वेगळ्या, कठोर भूमिका दिल्या. मात्र त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते १६ मे १९८१ रोजी, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात. आफ्रिकेच्या साहेल प्रदेशातील भुकेलेल्या लोकांसाठी दर तीन प्रेक्षकांमागे एक जणही एक मार्क देणार नाही, अशी पैज त्यांनी लावली (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन). तेवढी रक्कम जमली नाही, म्हणजे पैज ते जिंकले. तरीही सुमारे १२ लाख मार्क गोळा झाले. तो पैसा घेऊन ते इथिओपियाला गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मेन्शन फ्यूर मेन्शन’, म्हणजे ‘माणसांसाठी माणसे’, ही संस्था त्यांनी स्थापन केली. विहिरी, शाळा, दवाखाने आणि शेती या कामांत त्यांनी पुढील तीन दशके घालवली. त्यांना अल्झायमर झाल्याचे त्यांच्या हयातीतच पत्नी आल्माझ यांनी सांगितले होते. २९ मे २०१४ रोजी साल्झबुर्गजवळील ग्र्योडिग येथे, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हाराल्ड युंके यांची गोष्ट वेगळी आहे. १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा नट, गायक आणि निवेदक जर्मन करमणुकीच्या जगाचा लाडका होता. मार्लन ब्रँडो यांना त्यांनी जर्मन आवाज दिला आणि १९७९ पासून दूरचित्रवाणीवरचा मोठा संगीत-कार्यक्रम सांभाळला. उतारवयात गंभीर भूमिकाही त्यांनी समर्थपणे केल्या. १९९५ मध्ये एका दूरचित्रवाणीपटात त्यांनी मद्यपी माणूस उभा केला, तो पाहणाऱ्यांना ठाऊक होते की हा माणूस स्वतःच्या जखमेवर बोट ठेवून अभिनय करतो आहे. अनेक वर्षांच्या मद्यपानाने त्यांच्या मेंदूची हानी झाली होती. डिसेंबर २००१ मध्ये त्यांना बर्लिनजवळच्या शुश्रूषागृहात हलवण्यात आले आणि १ एप्रिल २००५ रोजी ते गेले. त्यांच्या आजाराला वैद्यकात कोर्साकोव्ह विकार म्हणतात. दीर्घकाळच्या मद्यपानात आहार बिघडतो, थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व शरीराला मिळेनासे होते आणि नव्या आठवणी साठवणारे मेंदूतील भाग निकामी होतात. येथे स्मृती जाते हे खरे. परंतु कारण निराळे, वाटचाल निराळी आणि मुख्य म्हणजे वेळीच थायमिन दिले व मद्य थांबवले तर पुढील हानी रोखता येते. अल्झायमरमध्ये अशी सोय नाही. म्हणून युंके यांना अल्झायमरच्या यादीत घालणे ही निव्वळ तांत्रिक चूक नव्हे. ज्या घरात आज कोणी असेच पीत असेल आणि विसरू लागले असेल, त्या घराला ‘आता काही करता येणार नाही’ असा खोटा निरोप त्यातून जातो.

हॅम्बुर्गच्या ओन्सोर्ग रंगमंदिरात उत्तर जर्मनीच्या बोलीतील नाटके करून संपूर्ण देशाला हसवणाऱ्या हायडी काबेल १५ जून २०१० रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या बाबतीत स्मृतिभ्रंश हा शब्द वापरला गेला. स्मृतिभ्रंश हे लक्षणसमूहाचे नाव आहे आणि अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांत तेच कारण असते. उरलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, पेशींत प्रथिनांच्या गाठी साचणारा ल्युई बॉडी विकार, मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास अशी इतर कारणे येतात. ९५ वर्षांच्या मेंदूत तर दोन-तीन कारणे एकत्रही नांदतात. तेव्हा जेथे ‘स्मृतिभ्रंश’ असे म्हटले आहे तेथे आपण आपल्या पदरचे ‘अल्झायमर’ जोडू नये.

प्रश्न : अल्झायमरने माणूस मरतो का? की अल्झायमर असताना दुसऱ्याच कारणाने मरतो? माझ्या आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले आहे आणि ते मला अजूनही पटलेले नाही. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : तुमच्या आईच्या दाखल्यावर लिहिलेले कारण चुकीचे नसावे, फक्त ते साखळीतील शेवटचे कारण आहे. अल्झायमर पुढे सरकतो तसा मेंदूचा ताबा स्मृती आणि भाषा यांच्यापलीकडे, गिळणे, चालणे आणि तोल सावरणे यांवरूनही सुटत जातो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून फुप्फुसाचा संसर्ग होतो. तहान लागल्याचे सांगता येत नाही म्हणून शरीरातील पाणी कमी होते. पडून हाड मोडते, अंथरूण धरले जाते, पाठीला जखमा होतात. यांपैकी कोणते तरी एक कारण अखेर कागदावर येते. कलावंतांच्या मृत्यूच्या बातमीत कधी ‘दीर्घ आजाराने’, कधी ‘न्यूमोनियाने’, तर कधी ‘अल्झायमरने’ असे लिहिलेले दिसते. ही तिन्ही विधाने एकाच मृत्यूविषयी एकाच वेळी खरी असू शकतात. मृत्यूच्या दाखल्याच्या नमुन्यात तात्कालिक कारणाखाली मूळ आजार लिहिण्याची जागा असते. ती रिकामी राहिली की स्मृतिभ्रंशाने होणारे मृत्यू मोजदादीतून गळतात, आणि मोजदादीत नसलेल्या आजारासाठी सोयीही उभ्या राहत नाहीत. तुमची खंत मला अगदी योग्य वाटते.

प्रश्न : या आजाराचे नावच जर्मन आहे. तो तेथे अधिक आढळतो का? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : नाही. नाव संशोधकाचे आहे. डॉ. आलोइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ साली बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी झाला. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली होती. त्यांनी तिला नाव विचारले, तिने ‘ऑगुस्टे’ असे सांगितले. आडनाव विचारले, तरी ‘ऑगुस्टे’. पतीचे नाव विचारले तेव्हाही तिने बहुधा ‘ऑगुस्टे’ असेच उत्तर दिले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूचे छेद त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि पेशींच्या बाहेर साचलेले थर व पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता यांचे वर्णन त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगन येथील सभेत केले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. आजार मात्र सर्व देशांचा आहे. जर्मनीत स्मृतिभ्रंशाचे सुमारे १८ लाख रुग्ण आहेत. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना तो आहे. लोकसंख्येच्या मानाने जर्मनीतील रुग्ण आपल्याला अधिक दिसतात, कारण तेथील लोकसंख्या अधिक वृद्ध आहे आणि तेथे निदान अधिक वेळा होते.

प्रश्न : नट तर आयुष्यभर पानेच्या पाने पाठ करतो. इतका व्यायाम झालेल्या मेंदूला विस्मरणाचा आजार कसा होतो? आणि संवाद विसरलेली माणसे गाणे मात्र पूर्ण म्हणतात, हे कसे? (एक ज्येष्ठ हौशी नट, सदाशिव पेठ)

उत्तर : आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद, पाठ करणे म्हणजे काय असते हे आपण जाणता.

पहिला भाग असा. शिक्षण, वाचन, अनेक भाषा आणि सतत नवे शिकण्याची सवय यांमुळे मेंदूत एक प्रकारची शिल्लक तयार होते. आजाराची प्रक्रिया सुरू झाली तरी या शिलकीवर मेंदू काही वर्षे काम भागवतो आणि लक्षणे उशिरा दिसतात. पण शिल्लक म्हणजे संरक्षण नव्हे. पेशींबाहेरचे अमायलॉइड या प्रथिनाचे थर आणि पेशींच्या आतला टाऊ प्रथिनाचा गुंता आतल्या आत वाढतच असतात. म्हणूनच बुद्धिमान, बोलक्या, रंगमंचावर वावरलेल्या माणसात निदान होते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो आणि नंतरची उतरण घरच्यांना फार वेगाची वाटते. नटाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. संभाषणातील खाच झाकण्याचे कौशल्य त्याच्या अंगात मुरलेले असते. समोरच्याचे नाव आठवले नाही तरी तो हसून, ‘काय मंडळी, कसे काय?’ असे म्हणून वेळ निभावून नेतो. चार माणसांत ठीक दिसणारा असा माणूस घरी मात्र तीनदा जेवण मागतो, आणि घरच्यांचे म्हणणे बाहेर कोणालाच खरे वाटत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्मृतीच्या प्रकारांत आहे. काल संध्याकाळी कोण आले होते, ही घटनांची स्मृती मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागावर अवलंबून असते आणि अल्झायमर सर्वसाधारणपणे तेथून व त्याच्या शेजारून सुरू होतो. पेटीवर बोटे फिरवणे, सायकल चालवणे, लहानपणी बसलेले पद म्हणणे या गोष्टी वेगळ्या यंत्रणेत साठवलेल्या असतात. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये याविषयी एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. निरोगी तरुणांना जुनी परिचित गाणी आणि अपरिचित गाणी ऐकवून, फार पूर्वीपासून ओळखीचे संगीत ऐकताना मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते त्यांनी आधी शोधले. मग तेच भाग अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत तपासले, तेव्हा ते इतर भागांपेक्षा कमी आक्रसलेले आढळले. अमायलॉइड तेथेही साचलेले होते, तरी पेशींचा ऱ्हास तुलनेने कमी होता.

संवादांचे असे का होत नाही, हे आपण विचारलेले नाही, पण मला सांगावेसे वाटते. गाण्याला ठेका असतो, चाल असते आणि एक ओळ पुढच्या ओळीला आपोआप हाक मारते. संवाद हा समोरच्याच्या वाक्यावर, एन्ट्रीच्या जागेवर, त्या क्षणाच्या प्रसंगावर टेकलेला असतो. तो संदर्भच निसटला की शब्दांना आधार उरत नाही. तरीही तालमीत शेकडो वेळा घोटलेले एखादे स्वगत, विशेषतः पद्यातील, पुष्कळ उशिरापर्यंत टिकलेले आढळते. रुग्णाला काही ऐकवायचेच असेल तर त्याच्या पंधरा ते पंचवीस या वयातील गाणी निवडावीत. एकच गाणे लावावे, संपू द्यावे आणि दूरचित्रवाणी त्या वेळी बंद ठेवावी. गाण्याने आजार मागे हटत नाही. परंतु अस्वस्थपणा कमी होतो, आणि घरच्यांना आपले माणूस काही वेळ पुन्हा भेटते, ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची मानावी असे मला वाटते.

प्रश्न : आमचे वडील अनेक वर्षे रंगभूमीवर काम करत होते. त्यांना अल्झायमरची सुरुवात असल्याचे मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितले आहे. एका संस्थेने त्यांचा सत्कार ठरवला आहे. भाऊ म्हणतो, कोणाला काही कळू देऊ नये. मला वाटते, सांगून टाकावे. जर्मनीतील कलावंतांच्या घरच्यांनी काय केले? (एक वाचक, डेक्कन)

उत्तर : तेथेही एकच रीत नव्हती, आणि तुमच्या दोघांच्या मतांपेक्षा आधी विचारात घेण्याजोगे मत तुमच्या वडिलांचे आहे. निदान सुरुवातीचे आहे, म्हणजे ते अजून स्वतःचे मत सांगू शकतात.

ब्योम यांच्या पत्नीने आजार जाहीर केला. त्याआधीच संस्थेची धुरा त्यांनी स्वतःकडे घेतली होती, त्यामुळे काम अडले नाही. क्रीडाक्षेत्रातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. शाल्क या फुटबॉल संघाचे माजी व्यवस्थापक रूडी आसाउअर यांनी जानेवारी २०१२ मध्ये स्वतःच पुढे येऊन आपल्याला अल्झायमर असल्याचे सांगितले. रांगडा, सिगार ओढणारा, कोणालाही न जुमानणारा माणूस म्हणून त्यांची प्रतिमा होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा परिणाम मोठा झाला. पुढे सात वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ते गेले. याउलट थोर आघाडीपटू गेर्ड म्युलर यांच्याबद्दल बायर्न म्युनिक क्लबने ऑक्टोबर २०१५ मध्ये निवेदन दिले. त्यांचा ७० वा वाढदिवस महिनाभरावर आला होता. देशभरातून निमंत्रणे आणि मुलाखतींच्या मागण्या येणार हे उघड होते. ते निवेदन त्यांना आणि कुटुंबाला शांतता मिळावी म्हणून होते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. मला ही दोन्ही उदाहरणे आदरणीय वाटतात. पहिल्यात माणूस स्वतः बोलला. दुसऱ्यात तो बोलू शकत नव्हता, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याच्याभोवती कुंपण घातले. युंके यांच्या वाट्याला यांपैकी काहीच नीट आले नाही. त्यांची व्यसनाची प्रत्येक घसरण वर्षानुवर्षे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर छापली गेली, आणि आजारपणाकडेही त्याच नजरेने पाहिले गेले.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. वडिलांना एकांतात, सकाळच्या वेळी, ते ताजेतवाने असताना विचारावे. सत्कार हवा आहे का, आजाराबद्दल आयोजकांना सांगितलेले चालेल का, भाषण करायचे आहे का, असे एकेक प्रश्न वेगळे विचारावेत आणि उत्तराला वेळ द्यावा. त्यांनी होकार दिला तर आयोजकांना एवढेच कळवावे की कार्यक्रम लहान असावा, दुपारचा असावा, आणि कोणीही ‘ओळखा पाहू मी कोण’ असे विचारू नये. हे शेवटचे वाक्य आयोजकांकडून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवून घ्यावे. चांगल्या मनाने विचारलेला तो प्रश्न स्मृतिभ्रंशाच्या माणसाला सर्वांसमोर नापास करतो, आणि आपल्याकडे तो प्रत्येक समारंभात विचारला जातो. भाषणाऐवजी एखाद्या जुन्या सहकाऱ्याने बोलावे आणि वडिलांनी शेजारी बसावे. ते नको म्हणाले, तर तुमच्या भावाचे म्हणणे मान्य करावे. कारण मग ते भावाचे न राहता वडिलांचे झालेले असेल. मात्र ‘लोक काय म्हणतील’ एवढ्याच भीतीने आजार लपवत असाल तर त्याची किंमत वडील मोजतील. लपवण्यासाठी त्यांना घरात ठेवले जाईल, मित्र येईनासे होतील, आणि एकटेपणाने आजाराची उतरण अधिक तीव्र होईल.

सत्काराहून तातडीची एक बाब आहे. जर्मनीत आपली निर्णयक्षमता गेल्यानंतर कोणी निर्णय घ्यावेत हे आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे आणि असे अधिकारपत्र त्या स्थितीतही चालते. आपल्याकडे सर्वसाधारण मुखत्यारपत्राचा आधार अशा वेळी तुटतो, कारण करार कायद्यानुसार ते करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकारही संपतो. अनेक कुटुंबांना हे बँकेच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कळते. म्हणून बँक खाती संयुक्त करणे, नामनिर्देशन तपासणे आणि इच्छापत्र करायचे असल्यास दोन साक्षीदारांसह व डॉक्टरांच्या दाखल्यासह ते आत्ताच करणे इष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांविषयी आगाऊ निर्देश देण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे. प्रतिनिधीची नेमणूक साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून लिहिता येते. त्या कागदावर तुमचे नाव घालायचे की भावाचे, हे वडिलांनाच विचारावे. ते लिहिताना तुम्ही दोघेही समोर असावे, आणि एक प्रत त्यांच्या डॉक्टरांकडे द्यावी.